तारल्यांचा धूर

काल बहारीनमधल्या माहूजच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर तारल्या भाजल्या आणि त्या धुराबरोबर आंतोन आठवला.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघं इथल्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात फिटर होतो. तो गालिसियाचा, म्हणजे स्पेनच्या पोर्तुगालला चिकटलेल्या कोपऱ्यातला. फोरमनशी तो स्पॅनिश बोलायचा. शुक्रवारी कामगारांच्या कॅम्पमागे जाड मीठ लावून तारल्या भाजताना मात्र पोर्तुगीज वेल्डर जुवांवशी आपली घरची भाषा बोलायचा. जुवांव पोर्तुगीजमध्ये उत्तर द्यायचा आणि दोघांचं कुठेच अडायचं नाही.

"पूर्वी आमची भाषा एकच होती," आंतोन एकदा म्हणाला. "मग मध्ये सरहद्द आली. शाळेत ही बोललो की मास्तर मारायचे."

त्यानं पावाच्या जाड तुकड्यावर मासा ठेवून मला दिला. तेल पावात मुरलं होतं. फक्त आमसुलं नव्हती, म्हणून शेजारी बसलेल्या माझ्या गाववाल्या बबनला मी म्हणालो, "हेका वायच सोलां व्हयी होती." लगेच जीभ चावली. स्टोअरचे पुण्याचे साहेब समोरच बसले होते आणि मालवणी ऐकली की ते हसायचे. तेव्हाही हसले.

आंतोनला शब्द कळले नाहीत, माझा चेहरा कळला. "हीच बोल," तो म्हणाला आणि दुसरा मासा माझ्या पावावर ठेवला.

तेव्हापासून घरात मी मालवणीच बोलत आलो. धाकटी मुलगी सगळी उत्तरं इंग्रजीत देते. काल मात्र तारली चाखून म्हणाली, "पप्पा, वायच मीठ."

मी जाड मीठच वाढलं, जरा जास्तच.