धुऱ्यावरची म्याडम

"याला तुम्ही काम म्हणता का?" असं विचारून ती पेन हनुवटीला लावून थांबायची. पाणी भरणाऱ्या बाईला हेच, गोवऱ्या थापणारीला हेच. आमच्या टोळीतल्या बाया हसायच्या. मला राग यायचा. दिवसभर राबलेल्या माणसाला कुणी असं विचारलं, तर तुम्हीच सांगा, त्यात संशय ऐकू येतो की नाही?

समुद्रपूरकडच्या आमच्या गावात ती आली तेव्हा आणीबाणी नुकतीच उठली होती. खांद्याला झोळी लावलेली शहरातली बाई दिसली की ऑपरेशनवाली समजून बाया मागच्या दारानं पसार व्हायच्या. ती म्हणाली, मी पुण्याची, अर्थशास्त्र शिकवते. बाया काय काय काम करतात ते लिहून नेणार आणि त्यावरून सरकार योजना आखणार.

"आन् उतरल्या कुठी?" मी विचारलं.

"काकाजींकडे."

माझं मत तिथंच झालं. काकाजी म्हणजे गावातले सगळ्यात मोठे कपाशीवाले. त्यांच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बायांच्या टोळीची मी मुकादम. आमच्या लोकांनी दीक्षा घेतल्यावर वडिलांनी मला हट्टानं सातवीपर्यंत शिकवलं, पण मुकादमी माझी मी मिळवली. वेचणीचा भाव मी ठरवायची, आणि एकदा ठरला की हंगामभर तोच. आता ज्याच्या घरी जेवायचं, त्याच्या मजुरांना विचारत फिरायचं, हा कसला अभ्यास?

तशी ती वाईट नव्हती. बाज टाकली तरी खालीच बसायची, आणि कोरा चहा दिला तर पूर्ण प्यायची. एका म्हातारीला तिनं विचारलं, "तुम्ही काय काम करता?"

"काई नाई वो म्याडम, घरीच असतो."

हे सांगताना म्हातारीच्या डोक्यावर सरपणाचा भारा होता. म्याडम हसली नाही. भारा उतरवायला हात लावला आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"काऊन," म्हातारी म्हणाली, "चूल का सरकार पेटवते?"

मग एकदा माझी पाळी आली. "मुकादम म्हणजे नक्की काय करता?"

"भांडतो."

"याला तुम्ही काम म्हणता का?"

मी उठून चालती झाले. पुढं कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाही. या भांडणावर चाळीस घरच्या चुली होत्या, आणि हिला त्याची शंका.

आमच्या भांडणाची एक रीत होती. पहिल्या वेच्याच्या सकाळी काकाजींच्या घरच्या काकी शेतात पूजा करायच्या, दहीभात ठेवायच्या. मुहूर्त टळायच्या आत पहिला कापूस वेचला गेलाच पाहिजे, असा त्यांचा नेम. आमचं सगळं बळ त्या मुहूर्तात. बाया धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, ओळीनं बसायच्या. कमरेला बांधून ज्यात कापूस टाकतात ते फडकं, म्हणजे ओटी, मांडीवर घडी करून ठेवायची. भाव ठरेपर्यंत एकीनंही ती बांधायची नाही, आणि मुकादमाशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. एक जरी ओटी कपाशीत शिरली, तर मालकाचा भाव कबूल झाला.

त्या वर्षी काकाजी गेल्या वर्षीच्याच भावावर अडून बसले होते. मुहूर्त सरत आला होता. काकी सारख्या नवऱ्याकडे बघत होत्या. अजून थोडा वेळ, की काकाजी वाकणार, हे मला त्यांच्या पान चघळण्यावरून कळत होतं. तेवढ्यात बैलगाडीच्या वाटेनं म्याडम आली. कमरेला नवीकोरी ओटी. आम्हाला हात जोडले, सरळ पहिल्या तासात, कपाशीच्या ओळीत शिरली आणि वेचायला लागली.

"झाला बापा मुहूर्त," काकाजी म्हणाले. "आता काऊन बसून राह्यल्या? उठा."

काकींनी तिला तिथंच कुंकू लावलं.

जुन्याच भावात हंगाम गेला. तिला कुणी पाठवलं, की ती आपली आपण आली? ओटी कुणी दिली? काकींनी दिली असली, तर सगळं सांगूनच दिली असणार. संध्याकाळी ती माझ्याकडं आली. कपाशीच्या बोंडांच्या वाळक्या, टोकदार नख्यांनी बोटं सोललेली. "माझं काही चुकलं का?"

"काकाजीले इचारा," मी म्हटलं आणि दार लोटलं.

पुढच्या वर्षी ती पुन्हा आली. पहिल्या वेच्याला आम्ही शेतात पोचलो, तर ती आधीच धुऱ्यावर बसलेली, मांडीवर ओटीची घडी. काकाजींनी खुर्ची पाठवली. ती रिकामीच राहिली. काकी दहीभात ठेवून म्हणाल्या, "या नं म्याडम, मागच्यासारखं तुमच्याच हातानं होऊ द्या." तिनं फक्त हात जोडले. उठली नाही. ऊन चढलं. पाहुणी बाई मजुरांच्या ओळीत बसलेली, हे काकाजींना बघवेना. मी मागितला तो भाव त्यांनी नेहमीपेक्षा लवकर दिला.

तो माझ्या भांडण्यानं मिळाला की तिच्या बसण्यानं, हे मला कधीच ठरवता आलं नाही. मागल्या वर्षी तिनं भाव घालवला, ते मी एखादवेळी सोडून देईन. हे मात्र सुटत नाही.

पुढं ती गावात दिसली नाही. काही वर्षांनी योजना आली, ती शिलाई मशीनची. तिच्या अभ्यासातून निघाली की दुसऱ्या कुणाच्या, सांगता येत नाही.

ती धुऱ्यावर बसली त्या सकाळी, भाव ठरायच्या आधी, मी तिच्या कानाशी वाकून विचारलं होतं, "म्याडम, अशा बसून राह्यल्या तुमी. याले काम म्हनता का?"

ती समोर कपाशीकडं बघत राहिली. बोलली नाही. भाव ठरेपर्यंत बोलायचं नसतं, हे तिला कुणी सांगितलं, देव जाणे. मी तर सांगितलं नव्हतं.

भाव ठरला तशा बाया उठल्या. तीही उठली आणि ओटी बांधायला लागली. गाठ ढिली पडली, पहिल्या झाडाशीच सुटली असती. मी ती सोडली, कमरेशी घट्ट बांधून दिली, आणि तिला वेचायला माझ्या शेजारचं तास दिलं.