अण्णांनी स्वतःवर घेतलेली चूक

टाकळकर अण्णांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. मी मोशीत एका गोदामाचे छप्पर करत होतो. अण्णांच्या चाकणच्या कारखान्यातून आलेल्या सिमेंटच्या पत्र्यांपैकी चार पत्रे जाडीला एक मिलिमीटर कमी भरले. दुसऱ्या कोणी बसवून टाकले असते. मी एक तुकडा पिशवीत घातला आणि थेट मालकांच्या केबिनमध्ये गेलो. अण्णांनी माझा जाडी मोजायचा व्हर्नियर खोटा ठरवला, स्वतःचा मागवला, तोही माझ्याच बाजूने बोलला. मग म्हणाले, “ओव्हाळ, शिकला कुठं?”

“कुठंच नाही. दहावीनंतर छपरावरच.”

“तरीच. शिकलेला असता तर फोनवर तक्रार केली असती.”

त्या दिवसापासून अण्णांनी मला सोडलेले नाही. खरे सांगायचे तर मधूनमधून सोडले असते तर बरे झाले असते.

अण्णा यंदा पंचाहत्तरीत पदार्पण करत आहेत. त्यांचे मोठे काम म्हणजे आपला छप्पर निधी. पत्रे बनवणाऱ्या आणि बसवणाऱ्या इथल्या मंडळींकडून अण्णा दरवर्षी वर्गणी गोळा करतात. त्यातून छपरांवरच्या संशोधनाला मदत होते, वस्तीतल्या बालवाड्यांची छपरे दुरुस्त होतात आणि छपरावरून पडलेल्या फिटरांच्या घरी आधार पोहोचतो. हे सगळे या गौरव अंकातले इतर लेखक लिहितीलच. त्या कामात अण्णांच्या हाताखाली राहणे म्हणजे काय, ते मात्र कोणी लिहिणार नाही. सकाळी साडेसहाला फोन येतो: “ओव्हाळ, थर्मामीटर सावलीत टांगलाय ना?” टांगलेला असतो. “फोटो पाठवा.” फोटो पाठवला की, “ही सावली धा वाजता राहील का?” माझ्यासारख्या काटेकोर माणसालाही घाम फुटतो.

संशोधनाला पैसे देण्याची अण्णांची अट तर मुलखावेगळी आहे. ज्या घरात मोजमाप केले, त्या घरच्या बाईंना निष्कर्ष समजावून सांगायचा, मगच पुढचा हप्ता. पिंपळे गुरवमधल्या एका पत्र्याच्या खोलीत इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थिनीने महिनाभर तापमान नोंदवले आणि दुपारी तीनला खोली सर्वांत जास्त तापते, असे त्या घरच्या मावशींना सांगितले. मावशी म्हणाल्या, “हे कळायला कालेजात जावं लागतं व्हय?” अण्णा पोट धरून हसले. मग गंभीर होऊन विचारले, “ताई, तुमाला काय कळायला हवंय?” मावशी म्हणाल्या, “सांजच्याला चूल कवा पेटवू? म्हंजी पोरं झोपायच्या आत घर निवल.” झाले! त्या विद्यार्थिनीचा विषयच बदलला आणि पुन्हा महिनाभर मोजणी. ती बिचारी माझ्याकडे येऊन रडली. आज तो अहवाल निधीतला सर्वांत उपयोगी अहवाल आहे, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते.

आता मूळ मुद्द्यावर येतो. संपादक मंडळाने मला टिपण पाठवले आहे: “पांढऱ्या छपरांच्या उपक्रमातली स्वतःची चूक अण्णांनी मोठ्या मनाने कबूल केली, तो प्रसंग अवश्य घ्यावा.” घेतो. फक्त ती चूक अण्णांची नव्हती. ती माझी होती.

बालवाड्या गार राहाव्यात म्हणून छपरांना ऊन परतवणारा पांढरा रंग द्यायचा, हे अण्णांचे म्हणणे. रंग कसा द्यायचा, हे सर्वस्वी माझे. या छपरांत मधूनमधून उजेडासाठी पारदर्शक फायबरचा पत्रा टाकलेला असतो. त्यातूनच जास्त ऊन आत येते. मी तोही रंगवायला लावला आणि आत ट्यूबलाइट बसवून दिल्या. तापमान ठरल्यापेक्षा अर्धा अंश जास्त उतरले. एका ठिपक्याइतकी जागा सोडली नाही, म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

मोशीच्या बालवाडीचे छप्पर पाहायला अण्णा आले तेव्हा केबलवाला वायर ओढत त्यावर चढलेला होता. सिमेंटच्या पत्र्यावर बोल्टच्या ओळीवरून, खाली आधार असतो तिथून, जपून चालता येते. फायबरच्या जुन्या पत्र्यावर पाय पडला की माणूस सरळ खाली. अण्णा शिडीवर चार पायऱ्या चढले आणि ओरडले, “ए भावा! जागचा हलू नको!” मग मला विचारले, “ओव्हाळ, उजेडाचा पत्रा कंचा?”

मला सांगता येईना. सगळे एकसारखे पांढरे. मी धावत आत गेलो, खालून पाहून तो पत्रा ओळखला, भिंतीपासून पत्रे मोजले, बाहेर येऊन पुन्हा मोजले. केबलवाल्याचे पुढचे पाऊल त्याच पत्र्यावर पडणार होते. खाली बाई मुलांना गाणे शिकवत होत्या. आम्ही फळी टाकून त्याला उतरवले. तो मला म्हणाला, “काय राव, मारताय का आमाला?”

पावसाळा तोंडावर होता. गळती बुजवायला लोक छपरांवर चढणार, हे आम्हाला ठाऊक होते. अण्णांनी त्याच आठवड्यात बैठक बोलावली: प्रत्येक छपरावर फायबरच्या पत्र्याला लाल फुली आणि खालून लोखंडी जाळी. एक वर्गणीदार म्हणाले, “पांढरी छपरं दाखवून आपण निधी मागतो, अण्णा. त्यावर लाल फुल्या? चूक केली कोणी?”

मी उठलो. अण्णा आधीच बोलून मोकळे झाले होते. “मीच सांगितलं होतं सगळं रंगवायला. चूक माझी.”

“नाही अण्णा, मी...”

“बसा हो ओव्हाळ. तुमाला कोन विचारतंय?”

आणि मी बसलो. हे लिहिताना आजही मान खाली जाते.

पाऊस लागायच्या आत सगळ्या छपरांवर फुल्या आल्या, जाळ्या बसल्या. पण तेव्हापासून नव्या फिटरांच्या प्रत्येक प्रशिक्षण वर्गात अण्णा “मी एकदा असा गाढवपणा केला होता” असे सांगतात आणि मी शेजारी बसून पडद्यावरची चित्रे सरकवतो. दरवेळी बाहेर आलो की आमचे भांडण. “अण्णा, एकदा मला सांगू द्या.” त्यांचे उत्तर ठरलेले: “ही पोरं उद्या तुमच्या शब्दावर छपरावर पाय टाकनार. त्यांचा तुमच्यावरचा भरवसा जाऊन चालायचं न्हाई. माझं काय, मी घरी बसलेलो.” घरी बसलेले म्हणे! मागच्या महिन्यातच त्यांना शिडीच्या सहाव्या पायरीवरून मी खाली उतरवले आहे.

अण्णांच्या मायेचा हाच त्रास आहे. ते ओझे उचलतात आणि ज्याचे त्याला परत मागूही देत नाहीत. मी हिशेब करून पाहिला आहे. चूक सांगितली म्हणून माझ्यावरचा भरवसा उडेल, असे मला वाटत नाही. उलट, उजेडाचा पत्रा कुठला, हे खुद्द ओव्हाळला सांगता आले नव्हते, हे कळल्यावर ती पोरे जास्त जपून पाऊल टाकतील. अण्णांचे माझ्याबाबतीतले एवढे एक माप चुकले आहे.

अण्णांना शंभरी लाभो, डोळे आजच्यासारखेच तीक्ष्ण राहोत, गुडघ्यांनी साथ द्यावी, मात्र ती जमिनीवर. पुढच्या वर्गात हा किस्सा मी सांगणार आहे. अण्णांनी पहिल्या रांगेत बसून तो ऐकावा, आणि निदान तेवढा वेळ मला मध्ये तोडू नये.