माझ्या दारातला पोलीस

खडीच्या खाणीविरुद्ध तक्रार केल्यावर मला धमकी आली आणि संरक्षणासाठी एक पोलीस मिळाला. त्याला मागे घेऊन मी पोलादपूरच्या बाजारात गरज नसताना वांगी घेत फिरलो.

एरवी बाजारच्या दिवशी डोंगरातल्या वाडीची माणसं माझ्या ओटीवर टेकत, सुरुंगाने कुणाची भिंत तडकली ते सांगत. ती यायची थांबली, तेव्हा मला वाटलं, आपला दरारा वाढला.

सुनावणी जवळ आली, तरी साक्षीदार एकही नाही. वाडीतल्या एका म्हातारीला कारण विचारलं.

"दारात पोलीस बसवलास नि आमाला ये म्हनतोस? त्याच्यादेखत तोंड कोन उघडील रे?"

संरक्षण नको, असं मी लिहून दिलं. पुढच्या बाजाराला ओटीवर जागा उरली नाही. मी मात्र दारापासून जरा आत, भिंतीला पाठ लावून बसलो.