जुना तुकडा घेऊन या

आमचे हे तसे भित्रे नव्हेत. अंगणात साप निघाला तेव्हा सगळी गल्ली ओरडत होती आणि हे काठी घेऊन पुढे झाले होते. पण ब्रेकचं नाव काढलं की ह्यांचा चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा व्हायचा. मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात एकतीस वर्षं काउंटरमागे उभं राहिलेला माणूस. आरसा चुकीचा दिला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी भांडायला येतं, म्हणायचे, ब्रेक चुकीचा दिला तर ते येईलच असं नाही.

दुकानात त्यांना कुणी नावानं हाक मारत नाही. ‘जुना तुकडा’ म्हणतात, तेही तोंडावर. कारण कुणी गाडीचं मॉडेल आणि साल सांगून ब्रेकची डिस्क मागितली की ह्यांचं उत्तर ठरलेलं, “जुना तुकडा घेऊन या.” गिऱ्हाईक चिडायचं, मालक डोळे वटारायचे, हे ढिम्म. पुढच्या चाकामागे लोखंडाची तबकडी असते, ती डिस्क. दोन पॅड तिला दोन्हीकडून चिमटीत धरतात आणि गाडी थांबते, एवढंच त्यातलं शास्त्र. पण एका छोट्या गाडीच्या कंपनीनं एकाच साली अर्धं वर्ष सतरा मिलिमीटर जाडीची डिस्क लावली आणि उरलेलं अर्धं वर्ष वीसची. वीसची सतराच्या जागी बसतच नाही, म्हणून तिची भीती नाही. सतराची मात्र वीसच्या जागी गुपचूप बसते. गावात छान चालते. मग लांबलचक उतार लागतो, सारखा ब्रेक दाबावा लागतो, लोखंड कमी म्हणून ते भट्टीसारखं तापतं, आणि पाय थेट तळाला जातो. हे सांगताना ते उजवा पाय जमिनीवर दाबून दाखवायचे आणि मला नको नको व्हायचं.

म्हणून जुनी डिस्क आली की हे तारेच्या ब्रशनं तिच्या कडेवरचा गंज घासायचे. तिथं एक बारीक आकडा कोरलेला असतो. ह्याच्याखाली झिजली तर फेकून द्या, असं सांगणारा. पंधरा असेल तर डिस्क मूळची सतराची, अठरा असेल तर वीसची. तो आकडा वाचायचा, व्हर्नियर लावून जाडी मोजायची, वहीत गाडीचा नंबर, फोन नंबर आणि मापं लिहायची आणि मगच फळीवरचा खोका काढायचा. त्यानंतर पॅडचं प्रवचन. फार कडक पॅड घेतले तर ते डिस्क खातात, फार मऊ घेतले तर स्वतः संपतात. कुणी भोकं पाडलेली चकचकीत डिस्क मागितली तर विचारायचे, “शर्यतीला निघालात की भाजी आणायला?”

घरीही तेच. मला चपला घ्यायच्या तर जुनी चप्पल पिशवीत. कुकरची रिंग घ्यायची तर जुनी रिंग खिशात. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, व्हर्नियरवर वाचन कसं घ्यायचं हे पोरांकडून घोकवून घेण्यात माझी हयात गेली. आमचं लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या होत्या, तुमचा संसार मापात राहील. राहिलाही.

गेल्या वर्षभरात मात्र काही गोष्टी मला दिसत होत्या आणि मी त्या थट्टेवारी नेल्या. पेपरातले हे फक्त मथळे वाचायला लागले. “हल्ली छपाईच वाईट करतात.” तांदूळ निवडून दिले तर खडे दाताखाली यायचे. एकदा जेवताना म्हणाले, “आता व्हर्नियर कशाला हवा, माझ्या बोटांना कळतं.” मी म्हटलं, “मग बोटांना चष्मा लावा.” दोघंही हसलो. त्या हसण्याचा मला आज संताप येतो. हजार पोरांच्या वह्या तपासल्या आणि घरातल्या माणसाचे डोळे तपासले नाहीत.

तर लेकीनं जुनी छोटी गाडी घेतली. तीच, दोन मापांची. जावई बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने समुद्रात. तेव्हा लेक आणि सहा वर्षांची नात ह्यांचं सगळं जाणं-येणं त्या गाडीतून. ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायचं. रविवारी ती आली तेव्हा ह्यांनी फाटकासमोर जॅक लावून चाक काढलं. डिस्कची कड घासली आणि वाकून बराच वेळ बघत राहिले. मी चहाचे कप घेऊन उभी. मग व्हर्नियर लावल्यासारखा केला, खाली ठेवला, अंगठा आणि बोट डिस्कवरून फिरवलं, एकदा, दोनदा, आणि म्हणाले, “सतराची.”

“आकडा वाचलात ना नीट?” मी विचारलं.

“एकतीस वर्षं मी काय गवत उपटतोय?”

 लेकीनं नुसतं वाकून चाकाकडे बघितलं आणि चहा घेतला.

पॅड निवडायला ह्यांनी तीन दिवस लावले. मुलीचं स्थळ बघतानाही इतकी चौकशी केली नव्हती. शेवटी दोन डिस्क आणि पॅडचा एक जोड घरी आणला, टेबलावर ठेवला आणि मला बजावलं, तेलाच्या हातानं शिवायचं नाही. लेकीनं बुधवारी तिच्या मिस्त्रीकडे गाडी नेली. संध्याकाळी तिचा फोन आला, “बसले बाबा. छान लागतात ब्रेक.” हे दोन घास जास्त जेवले.

शनिवारी सकाळी नऊला लेक नातीला घेऊन निघाली. घाट उतरून पलीकडे तिच्या नणंदेकडे जायचं होतं. दोन तासांवर घाट सुरू होतो.

पावणेअकराला दारात हे उभे. एकतीस वर्षांत हा माणूस दुपारच्या जेवणाआधी घरी आला नव्हता. चेहरा पांढराफटक, हातात व्हर्नियर.

“तिला फोन लाव,” म्हणाले. “माझा उचलत नाही.”

“अहो, झालं काय?”

“एक बाई आल्या होत्या. तीच गाडी, तेच साल. जुनी डिस्क काउंटरवर ठेवली. मी बोट फिरवलं, हुबेहूब आपल्या गाडीसारखी लागली. म्हटलं सतराची आहे. त्या कडेकडे बघून म्हणाल्या, काका, इथं तर अठरा लिहिलंय.” त्यांनी दाराची चौकट धरली. “ती वीसची होती गं. झिजून सतरा झालेली. आपली पण तशीच असणार. मी झिजलेलं माप धरून नवीन दिली. नवीकोरी, आणि तरी आधीच झिजलेली.”

 मी फोन लावला. वाजला, वाजला आणि थांबला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. गाडी चालवताना लेक फोन उचलत नाही. कुणाचाही नाही. हा नियम तिला ह्यांनीच घातला होता. लायसन्स मिळालं त्या दिवशी तिच्याकडून वदवून घेतलं होतं, “बाबांचा असला तरी नाही.” आता बाबा दाराशी बसून दर मिनिटाला तिला फोन करत होते आणि ती गुणी पोर त्यांचंच ऐकत होती. मी ‘गाडी थांबव’ एवढाच निरोप लिहून पाठवला. तोही तिनं वाचला नाही.

“मिस्त्रीकडे चल,” हे एकदम उठले. “काढलेल्या डिस्क त्याच्याकडेच पडल्या असतील. कडेवर पंधरा निघाला तर मी बरोबर आहे.”

स्कूटर काढली. मी मागे बसले. पहिल्याच वळणावर कडेला उभी असलेली हातगाडी माझ्या गुडघ्याला घासून गेली. ह्यांनी साधं मान वळवूनही पाहिलं नाही. मला वाटलं, घाबरलेत. पुढं रस्ता खणलेला, मध्ये लाल पट्ट्यांचा अडथळा लावलेला, चांगला पुरुषभर उंच. आम्ही सरळ त्याच्यावर निघालो होतो.

“अहो! ब्रेक!”

अडथळ्यापासून हातभर अंतरावर स्कूटर थांबली. मागून हॉर्न वाजत होते. ह्यांनी हळूच विचारलं, “काय होतं?”

समोर होता तो अडथळा, आणि हे मला विचारत होते काय होतं. मी खाली उतरले. म्हटलं, “मागे बसा.” एरवी माझ्या स्कूटरवर बसायला हजार सबबी सांगणारा माणूस निमूट मागे बसला.  माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र. नात मागच्या सीटवर, बाहुलीला खिडकीतून दरी दाखवतेय, आणि लेक ब्रेक दाबतेय.

मिस्त्री गाडीखाली झोपला होता. हे ओरडले तसा सरकत बाहेर आला.

“माझ्या मुलीच्या गाडीच्या जुन्या डिस्क कुठायत?”

“आहेत की काका. त्या पिंपात.”

ह्यांनी पिंपात दोन्ही हात घातले. बोटं कापली तरी भान नव्हतं. एक डिस्क वर काढली, शर्टाच्या बाहीनं कड पुसली, डोळ्यांशी नेली, लांब धरली, उन्हात धरली. मग माझ्यापुढं केली. लहान मुलासारखे म्हणाले, “तू वाच.”

मी वाचलं. चष्मा नाकावर सरकवून दोनदा वाचलं, कारण मला तो आकडा दुसरा कुठला तरी असायला हवा होता.

“अठरा.”

हे तिथंच, ग्रीसनं माखलेल्या जमिनीवर बसले. “मारली,” म्हणाले. “मी माझी पोरगी मारली.”

“काय बोलताय काका!” मिस्त्री पुढं आला. “तुम्ही दिलेल्या डिस्क बसवल्या कुठं मी? ताईंनी बसवूच दिल्या नाहीत.”

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय.

“मी बसवणारच होतो. तुमच्या हातची वस्तू, मी कशाला मोजू? ताई म्हणाल्या, थांबा, जुना तुकडा शेजारी ठेवा. स्वतः कड घासली, स्वतः आकडा वाचला. म्हणाल्या, ह्या नकोत. दुसऱ्या दुकानातून वीसच्या आणल्या, पॅड पण त्याच मापाचे. तुमचे खोके आहेत तसे आहेत, हे बघा.” फळीवर दोन्ही खोके होते. “काकांना सांगू नका म्हणाल्या. मी सांगेन म्हणाल्या, सावकाश.”

मी रडले. हे रडले नाहीत. खोक्यांकडे बघत बसले. जिवात जीव आला तो माझ्या. ह्यांच्या चेहऱ्यावर तसं काही दिसलं नाही.

सव्वा वाजता लेकीचा फोन आला. “आई, किती मिस्ड कॉल! पोहोचलो आम्ही. काय झालं?”

ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. “किती जाडीच्या बसवल्यास?”

 “वीसच्या, बाबा.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही घाबरला असतात.” मग म्हणाली, “आणि बाबा, रविवारी तुम्ही व्हर्नियर उलटा धरला होतात. मीच घाबरले होते. कसं सांगायचं तेच कळत नव्हतं.”

“वेडी आहेस,” हे म्हणाले. “बापाची अब्रू सांभाळत बसलीस. दुकानात रोज लोक येतात.”

हे बोलले आणि त्यांचे त्यांनाच शब्द ऐकू आले असावेत. फोन माझ्या हातात देऊन ते उठले आणि स्कूटरकडे चालू लागले, मागच्या सीटकडे.

दुकानात गेल्यावर त्यांनी मालकांना काउंटरवरच सगळं सांगितलं, गिऱ्हाइकांसमोर. मालकांनी दुकानाचा फोन आमच्यापुढे सरकवला. ह्यांनी मापांची वही माझ्यासमोर उघडली. मागच्या वर्षीचं अक्षर मुंगीएवढं, रेघेवर बसवलेलं. पुढं पुढं ते मोठं होत गेलं होतं. शेवटच्या पानांवर एका गाडीला अर्धं पान लागलं होतं, आणि व्हर्नियरच्या रकान्यात सगळीकडे गोल आकडे. सतरा, वीस, सतरा. व्हर्नियर दशांशापर्यंत मोजतो, कधीच इतके गोल आकडे देत नाही. हे मी पोरांना दरवर्षी सांगत होते.

त्या वर्षात त्या गाडीच्या डिस्क नेलेली त्रेचाळीस माणसं होती. मी नंबर वाचून लावायचे, हे बोलायचे. “गाडी आहे तिथं उभी ठेवा. उतारावर नेऊ नका. माझी चूक झालीय. मिस्त्रीला बोलवा आणि कडेवरचा आकडा मला वाचून दाखवा.” कुणी शिव्या दिल्या, कुणी आभार मानले, एक म्हाताऱ्या बाई ह्यांचीच समजूत घालत बसल्या. आठवडाभरात बेचाळीस गाड्या तपासून झाल्या. तीन चुकीच्या निघाल्या. तिन्ही बदलल्या, प्रत्येक आकडा मी वाचला आणि मालकांनी पुन्हा वाचला. ह्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन आता पुढच्या महिन्यात आहे.

एक नंबर राहिलाय. वहीत त्याच्यापुढं मोठ्या अक्षरात ‘सतरा’ लिहिलंय. आम्ही तो रोज सकाळी, दुपारी, संध्याकाळी लावतो. वाजतो पूर्ण, कुणी उचलत नाही. हे माझ्या शेजारी कान लावून बसतात आणि फोन थांबला की दर वेळी म्हणतात, “गाडी चालवत असतील.”