मावशीचा पत्रा

हे आत्ताच्या आत्ता सांगितलंच पाहिजे, न्हाई तर माझा अभ्यास होणार न्हाई आणि परवा टेस्ट हाय. भराभर टाइप करून राहिले, चुका झाल्या तर समजून घ्या.

मी नांदेडची. मेडिकलसाठी रिपीटर म्हणून लातूरला आले आणि हॉस्टेलऐवजी मावशीकडं राहिले. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण, एकटीच असती. आम्ही ख्रिस्ती. रोज क्लास, रविवारी चर्च, बाकी वेळ पुस्तकात तोंड.

आमच्या चर्चमध्ये उपासनेच्या शेवटी ज्याला वाटल त्यानं उठून मोठ्यानं प्रार्थना करायची. सगळ्यांचे शब्द ठरलेले. प्रभू आमचा खडक, प्रभू आमचा दुर्ग. मावशी मात्र उठली की म्हणायची, "प्रभू, तू माझा पत्रा हायस. माझ्यावर तसाच ऱ्हा." झालं, आमेन. म्हाताऱ्या माणसांना त्याचं काहीच वाटायचं न्हाई. मला लई लाज वाटायची.

एका रविवारी क्लासमधली मैत्रीण हौसेनं माझ्यासोबत आली. चाकूरची, एक नंबर वात्रट. मावशीचं ऐकून तिनं मला कोपरानं ढोसलं. "अगं, तुमचा देव पत्र्याचा हाय का? उन्हाळ्यात लई तापत असल की!"

आणि मी हसले. दाबून न्हाई, चांगलं फिसकन. मावशी पुढच्याच बाकाशी उभी होती.

वरून घरी जाताना ऑटोत शहाणपणा केला. "मावशी, खडक म्हणायचं असतं. पत्रा काय! गंजतो तो."

"हाव का? बरं बाई," म्हणाली आणि मांडीवरची मेथीची जुडी नीट करत बसली.

पुढच्या रविवारी ती उठली. "प्रभू, तू माझा ख..." एवढं म्हणून थांबली. तशीच उभी राहिली, मग खाली बसली. त्यानंतर उठलीच न्हाई कधी. मी क्लासला निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवून पुटपुटायची, तेबी बंद. विचारलं तर म्हणली, "तूच कर माय, तुला बरोबर शब्द येतात." मला वाटलं रुसली असल. मार्कांच्या नादात सोडून दिलं.

आज दुपारी आईला फोनवर हे सहज सांगितलं, तर ती रडायलाच लागली. मग मला कधीच न सांगितलेलं सांगितलं.

भूकंपाच्या वेळी मावशी किल्लारीकडच्या गावात दिलेली. नवा संसार, दोन वर्षांची मुलगी. दगडमातीचं घर, वर माळवद, म्हणजे मातीचं जड छत. गाय विणार म्हणून त्या रात्री मावशी एकटी गोठ्यात निजली होती. गोठ्यावर पत्रा. घराची भिंत गोठ्यावर कोसळली, पत्रा वाकून मावशीवर आडवा झाला, दगड पत्र्यावर पडले. दुपारी तिला खालून जिवंत काढलं. आत झोपलेला नवरा आणि मुलगी दगडांखालीच गेले.

आणि मी तिला सांगितलं होतं, खडक म्हण.

तशीच स्वयंपाकघरात गेले. ती शेंगा फोडत होती. पुढ्यात बसले. "मावशी, चुकले गं. परत म्हण ना. माझ्यासाठी म्हण."

"चुकलीस काय त्यात? लेकरू हायस."

"तरी म्हण."

तिनं सूप बाजूला सारलं, डोक्यावर पदर घेतला, डोळे मिटले. लई वेळ ओठ हलले, आवाज न्हाई. मग डोळे उघडून म्हणाली, "न्हाई होत गं. इतकी वर्षं ते म्हणलं की पत्रा वाजलेला ऐकू यायचा. वर दगड पडायचे अन् तो वाजायचा, तसा. वाटायचं, हाय तो, वरच हाय. आता म्हणलं की आधी तुमचं हसू ऐकू येतंय."

अन् परत शेंगा फोडायला लागली.

मी खोलीत येऊन तिच्या शब्दात प्रार्थना करून पाहिली. माझ्या तोंडी तो नुसताच पत्रा राहतो. मग एवढंच मागितलं, प्रभू, तिला ऐकू आलं न्हाई तरी तिच्यावरून हलू नकोस.

तुमच्याकडून असं कधी झालंय का हो? कुणाची प्रार्थना तुमच्या हसण्यानं बंद पडली का? आणि पडली असल, तर ती परत सुरू झाली का? सांगा ना, खरंच सांगा.