दोन ओठांचं नाव

अर्धांगवायूच्या सौम्य झटक्यानंतर पत्नीचा हात लवकर सुधारला. बोलणं मात्र अडखळत राहिलं. ऐकणाऱ्याला सगळं कळायचं, पण तिला स्वतःचा आवाज परका वाटायचा. मुलीचा फोन आला की ती तो माझ्या हातात द्यायची. हळूहळू तिने घरातही बोलणं सोडलं. मला धास्ती होती ती त्या गप्प बसण्याची.

डोंबिवलीत एका फरसाणाच्या दुकानावरच्या मजल्यावर एक तरुण स्पीच थेरपिस्ट बसते. तिने आम्हाला ओठ शिकवले. तोंडासमोर कागदाची पट्टी धरायची, ओठ मिटून आत हवा अडवायची आणि एकदम सोडायची. पट्टी हलली की ‘प’ झाला. पत्नीच्या ओठांचा उजवा कोपरा लोंबायचा, तो मी बोटाने वर धरायचो. इतक्या वर्षांच्या संसारात तिचे ओठ मी इतके निरखून पाहिले नव्हते. जन्मभर मी अध्यक्षीय भाषणं ऐकली. तासतासभर बोलणाऱ्या त्या मंडळींना आपली जीभ कुठे आहे याचा पत्ता नसावा, असं आता वाटतं.

‘पाणी’ जमलं, ‘पापड’ जमला. मग ती थेरपिस्ट म्हणाली, “काकू, आता काकांचं नाव. त्यात दोनदा ओठ मिटतात, मस्त प्रॅक्टिस होईल.”

पत्नीने ओठ मिटले. तसेच ठेवले.

“छान मिटलेत! आता सोडा. रिलॅक्स काकू, जबडा सैल सोडा.”

अडचण जबड्याची नाही, हे मला सांगावं लागलं. लग्नापासून ती मला ‘अहो’ म्हणते. नाव फक्त उखाण्यात, तेही कोणी दार अडवलंच तर.

“अय्या! पण काकू, ‘अहो’ला ओठ मिटावेच लागत नाहीत. व्यायाम कसा होणार?”

पत्नीने विचार केला. मग माझ्याकडे पाहून दाराकडे बोट केलं. “तु...म्ही बाहेर.”

मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. शेजारी शीळफाट्याहून आलेले एक गृहस्थ आपला नंबर लागण्याची वाट पाहत होते. आतून आधी नुसती हवा आली, मग अर्धं नाव. “पट्टी उडाली काकू, अजून जोरात!” मग अख्खं नाव. पुन्हा. पुन्हा. दर खेपेला आवाज चढत होता, मध्येच दोघींचं हसू.

“कोणाला हाक मारतायत हो?” गृहस्थांनी विचारलं.

“मला.”

“अहो, मग जा ना!”

“थांबा जरा,” मी म्हणालो. “मी गेलो की बंद पडेल.”