बोरसे सरांच्या नावाचं पत्र

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार धुळ्याच्या बोरसे सरांचे आहेत, आणि त्यांच्याच नावाने मी एक खोटं ई-मेल खातं उघडलं होतं. जानेवारीतल्या एका सकाळी सरांचा फोन आला तेव्हा मी जळगावच्या ऑफिसात त्याच खात्यात काही आलंय का ते बघत होतो.

‘‘ईश्वर, कॉलेजच्या मेलवर अमेरिकेहून काहीतरी आलंय. क्लार्कने प्रिंट काढून, आवक नंबर टाकून टेबलावर आणून ठेवलं. योगिताच्या पत्राबद्दल विचारतायत. दोनदा वाचलं, मला उलगडा होईना. तू येऊन जा.’’

मला मात्र लगेच उलगडा झाला.

परदेशात शिकायला पाठवणाऱ्या एका कन्सल्टन्सीत मी सहा वर्षं डॉक्युमेंटेशनचं काम पाहत होतो. एमएस किंवा पीएचडीच्या अर्जाला लेटर ऑफ रेकमेंडेशन लागतं, आम्ही त्याला एलओआर म्हणायचो. मुलाला शिकवलेल्या प्राध्यापकाने तो मुलगा कसा आहे ते लिहायचं. अर्जात प्राध्यापकाचा ई-मेल भरला की विद्यापीठ त्यांना लिंक पाठवतं आणि पत्र त्यांनी स्वतः अपलोड करायचं. मूळ पद्धत अशी.

आमच्याकडची पद्धत वेगळी होती. खानदेशातले बरेच प्राध्यापक मेल उघडत नाहीत. कॉलेजचा मेल क्लार्क उघडतो आणि तोवर मुदत निघून जाते. म्हणून त्यांच्या नावाचं खातं आम्हीच काढायचो, लिंक आमच्याकडे यायची आणि पत्र आम्ही लिहायचो. पुष्कळ प्राध्यापक आनंदाने म्हणायचे, ‘‘तुम्हीच लिहून टाका, मला कुठे वेळ आहे!’’ बोरसे सर तसं म्हणाले नव्हते.

योगिता दोंडाईचाची. वडील पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. धुळ्याला सरांच्या हाताखाली तिने केमिस्ट्रीत एमएस्सी केली. घरात तिच्या आधी कुणी बारावीच्या पुढे गेलं नव्हतं. तिला माझ्याकडे पाठवलं ते सरांनीच. ‘‘जळगावला माझा विद्यार्थी आहे, तो नीट करून देईल,’’ असं सांगून. वडील तिच्याबरोबर आले होते. फायलीवर हात ठेवून म्हणाले, ‘‘आम्हले यातलं काही समजत नही. बठ्ठं तुमनावर सोडेल शे, भाऊ.’’ सगळं माझ्यावर सोडलं होतं त्यांनी.

तिने सरांचं बंद पाकीट माझ्या हातात दिलं. आत फुलस्केपवर हाताने लिहिलेलं पत्र आणि एक चिठ्ठी, ‘टाइप करून मला दाखव.’

पत्राचं इंग्रजी साधं होतं. मजकूर असा की, एका प्रॅक्टिकलला योगिताचं उत्तर तीनदा चुकलं. बाकीच्यांनी शेजाऱ्याच्या वहीतून अपेक्षित आकडे उतरवले. हिने आपले चुकलेले आकडे तसेच लिहिले आणि कमी मार्क घेतले. पुढचे चार दिवस कॉलेज सुटल्यावर थांबून तिने शोधून काढलं की बाटलीवर जी तीव्रता लिहिली होती ती आतल्या द्रावणाची नव्हतीच. शेवटचं वाक्य होतं, ‘ही बाटली मी स्वतः दोन वर्षं वापरत होतो, माझ्या ते लक्षात आलं नाही.’

ऑफिसचे मालक संदीपभाऊ. त्यांनी माझ्या खांद्यावरून वाचलं आणि हसले.

‘‘ईश्वरभाऊ, म्हणजे पोरीचं उत्तर तीनदा चुकलं, कॉलेजची बाटली खराब, आणि सरांना दोन वर्षं पत्ता नाही! हे आपण अमेरिकेला कळवायचं?’’

मी म्हणालो, ‘‘सर साधे आहेत हो.’’ आणि मीही हसलो.

ते हसणं मला अजून आठवतं. मी धरणगाव तालुक्यातल्या खेड्यातून कॉलेजला आलो तेव्हा इंग्रजीमुळे पहिल्याच वर्षी कॉलेज सोडणार होतो. सर दर शनिवारी प्रॅक्टिकल संपल्यावर मला थांबवून घ्यायचे आणि जर्नल इंग्रजीतून लिहून घ्यायचे. एकेक वाक्य. चुकलं की खोडायचे नाहीत, मलाच शोधायला लावायचे. दोन वर्षं हे चाललं. त्याच इंग्रजीवर मला ही नोकरी मिळाली होती.

पत्र टाइप करून सरांना दाखवायचं होतं. मी दाखवलं नाही. डिसेंबरच्या मुदतीचा आठवडा होता, एकोणीस फायली पडल्या होत्या. मी नवं पत्र लिहिलं. त्यात योगिता तल्लख होती, नेतृत्वगुण असलेली होती, सरांच्या सबंध कारकिर्दीतली सर्वोत्तम विद्यार्थिनी होती. एक परिच्छेद दुसऱ्या मुलाच्या पत्रातून उचलला, आणि तो मुलगा त्याच विद्यापीठाला अर्ज करत होता हे माझ्या लक्षात राहिलं नाही.

योगिताने पत्र पाहिलं नव्हतं. अर्जात एक खूण करायची असते, ‘हे पत्र मी पाहणार नाही.’ सगळे खूण करतात आणि पाहतात. ही एकटी अशी की खूण केली म्हणून पाहिलं नाही.

आता, सरांनी फोनवर वाचून दाखवलं त्याप्रमाणे, विद्यापीठाला दोन पत्रांत एकच परिच्छेद सापडला होता. त्यांनी कॉलेजच्या वेबसाइटवरून पत्ता काढून सरळ तिथे विचारलं होतं, सोबतचं पत्र तुम्ही लिहिलं आहे का? उत्तराला सात दिवस.

संदीपभाऊ शांत होते. ‘‘सर तुमचे आहेत ना? मग एक ओळ घेऊन या. हो, मीच लिहिलं. विषय संपला. पोरीचंही भलं, आपलंही.’’

निघण्याआधी मी सरांचं मूळ पत्र शोधलं. ते रफ कागदांच्या गठ्ठ्यात निघालं. मागच्या कोऱ्या बाजूला कुरिअरवाल्याचा नंबर लिहिलेला होता, माझ्याच अक्षरात.

एरंडोल, पारोळा, धुळे. बसमध्ये सबंध वेळ मी सरांना काय सांगायचं त्याची तयारी केली. डिपार्टमेंटला पोहोचलो तर सरांसमोर योगिता बसलेली. तिला सरांनीच बोलावलं होतं. सरांनी प्रिंट माझ्याकडे सरकवली.

‘‘हे कोणी लिहिलं?’’

‘‘मी, सर.’’

‘‘चांगलं लिहिलंयस. आणि माझं?’’

मी फुलस्केप दिला. त्यांनी तो वाचला, उलटवला, मागचा नंबर पाहिला. माझं अक्षर त्यांना ओळखू येणारच.

मी तयारी केलेलं बोलून टाकलं. ‘‘सर, तुम्ही फक्त ‘हो’ कळवलंत तर हिचं काम होईल. नाही कळवलंत तर अर्ज रद्द.’’

‘‘म्हणजे ते मी ठरवायचं?’’

योगिताच बोलली. ‘‘दादा, ह्यात लिहिलंय मी कॉलेजच्या वादविवाद संघाची प्रमुख होते. आपल्या कॉलेजात असा संघच नाहीये. मला कुणी विचारलं तर मी काय सांगू?’’

‘‘तसं कुणी विचारत नाही गं.’’

‘‘आता विचारलंच ना!’’ तिचा आवाज चढला. ‘‘पप्पा गल्लीत सगळ्यांना सांगून बसलेत, दादा.’’

सर उठले. कॉलेजच्या ऑफिसात जाऊन क्लार्कच्या खुर्चीत बसले आणि दोन बोटांनी टाइप करू लागले. अर्धा तास लागला. मग मला म्हणाले, ‘‘वाच. काही चुकलं असेल तर सांग.’’

लिहिलं होतं की, हे पत्र माझं नाही. ते माझ्या एका माजी विद्यार्थ्याने तयार केलं. अर्जदार मुलीला याची कल्पना नव्हती. माझं पत्र सोबत जोडलं आहे.

इंग्रजीच्या दोन चुका होत्या. मी दुरुस्त केल्या. ‘माजी विद्यार्थी’ या शब्दांपुढे नाव नव्हतं. सर माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, ‘‘बाकी बरोबर आहे, सर.’’

त्यांनी सेंड केलं. क्लार्कने जावक नंबर टाकला.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. सरांचे आभार मानले होते. पण पत्र नेमकं कुणी तयार केलं, कुणाच्या सांगण्यावरून, हे कळल्याशिवाय अर्जदाराचा त्यात हात नव्हता असं आम्हाला मानता येत नाही. अर्ज या वर्षापुरता बंद करत आहोत.

त्या रात्रीच मी माझं नाव, ऑफिसचं नाव, सगळं लिहून पाठवलं. निर्णय बदलला नाही. माझा मेल तिच्या फायलीला लावतील आणि पुढच्या वर्षी तिने अर्ज केला तर तो मेलही वाचला जाईल, एवढं कळवलं.

संदीपभाऊंनी मला काढलं, त्याआधी मी राजीनामा दिला असं म्हणायला आवडलं असतं. तसं झालं नाही. त्यांनीच काढलं.

या धंद्यात सहा वर्षं घालवून एवढंच सांगू शकतो. तुमच्या शिक्षकाने साध्या, चुका असलेल्या इंग्रजीत तुमच्याबद्दल खरं लिहिलं असेल, तर ते तसंच पाठवा. त्यांच्या कॉलेजच्या मेलवरून. ऑफिस बंद व्हायच्या आधी क्लार्कला भेटा.

सरांना मी नंतर पत्र लिहिलं. हाताने, पोस्टाने. ते असं.

‘आदरणीय सर,

त्या दिवशी तुम्ही मला मेल वाचायला दिलात तेव्हा नाव नाही हे मी पाहिलं होतं. नजरचुकीने राहिलं असं नाही. मी घातलं असतं तर योगिताचा अर्ज कदाचित बंद झाला नसता. तीन दिवस मी नोकरीचा विचार करत बसलो.

दोंडाईचाला जाऊन आलो. योगिताच्या वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी मोटार खोललेली होती, काम थांबवलं नाही. शेवटी म्हणाले, पोरले सांगा, मले नको. योगिताशी बोललो. ती पुढच्या वर्षी अर्ज करणार आहे, स्वतःच भरणार आहे. माझी मदत नको म्हणाली.

तुमच्या नावाचं खातं मी बंद केलं आहे.

धरणगावला एका शाळेत शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज करतो आहे. मला ओळखणाऱ्या दोन व्यक्तींची नावं त्यात मागितली आहेत. पहिला रकाना भरला. दुसरा कोरा ठेवला आहे. तुमची परवानगी असेल तरच तिथे तुमचं नाव लिहीन. नसेल तर तसं कळवा, किंवा कळवूही नका, मी समजेन.

परवानगी दिलीत आणि त्यांनी तुम्हाला माझ्याबद्दल विचारलं, तर योगिताचं सगळं सांगा, सर.

आपला विद्यार्थी,
ईश्वर’